विजेने घट्ट होणारे द्रव आणि सिलिकाचा पृष्ठभाग : प्रस्तावना

सूक्ष्मदर्शकाखाली काचेची एक पट्टी आहे. तिच्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने दोन इलेक्ट्रोड चिकटवले आहेत आणि मधल्या फटीत सिलिकॉन तेलाचा थेंब सोडला आहे. तेलात सिलिकाचे मायक्रॉनभर आकाराचे गोल कण आहेत. सुरुवातीला ते विखुरलेले दिसतात, जागच्या जागी किंचित थरथरत असतात. इलेक्ट्रोडना हजारभर व्होल्ट दिले की चित्र पालटते. शेजारचे दोन कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या टोकाला तिसरा येऊन लागतो, आणि बघता बघता या इलेक्ट्रोडपासून त्या इलेक्ट्रोडपर्यंत कणांच्या साखळ्या ताणल्या जातात. मग साखळ्याही एकमेकींकडे सरकतात आणि त्यांचे जाड खांब होतात. व्होल्टेज काढले की हळूहळू सगळे पुन्हा विस्कटते.

डोळ्यांना दिसणारी ही रचना हाताला घट्टपणा म्हणून जाणवते. क्षेत्र नसताना पातळ असणारे हे मिश्रण क्षेत्र लावल्यावर काही मिलिसेकंदांत असे आखडते की विशिष्ट मर्यादेपेक्षा जास्त जोर लावल्याशिवाय ते वाहतच नाही. या मर्यादेला अभियंते यील्ड स्ट्रेस म्हणतात. व्होल्टेज वाढवले की ही मर्यादा वाढते, कमी केले की उतरते. अशा द्रवांना इलेक्ट्रोरिऑलॉजिकल, थोडक्यात ईआर द्रव म्हणतात. गाडीचा धक्का शोषणारा दट्ट्या, दोन फिरत्या चकत्यांमधला क्लच, द्रवाची वाट अडवणारी झडप अशा अनेक ठिकाणी हलत्या यांत्रिक भागांची जागा असा द्रव आणि दोन इलेक्ट्रोड घेऊ शकतात. विजेचा संकेत आणि यांत्रिक बळ यांच्यामध्ये एवढा थेट दुवा अभियांत्रिकीत क्वचितच सापडतो.

या संग्रहाचा विषय ईआर द्रवांतली एक शाखा आहे: ज्यांच्या कणांचा पृष्ठभाग मुद्दाम बदललेला आहे असे सिलिकाचे द्रव. सिलिका हा या क्षेत्रातला सर्वांत ताकदवान पदार्थ नाही. तरीही हे क्षेत्र मुळातून समजून घ्यायचे असेल तर सुरुवात सिलिकापासून करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि संग्रहाची आखणी याच मतावर उभी आहे.

त्याचे कारण एका साध्या हिशेबात आहे. विद्युत क्षेत्रात कण एकमेकांना ओढतात ते त्यांचे ध्रुवीकरण होते म्हणून. कणाच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण प्रभार साचतो, आणि एकाचे धन टोक शेजाऱ्याच्या ऋण टोकाला लागते. हे ध्रुवीकरण किती होईल, ते कण आणि तेल यांच्या विद्युत गुणधर्मांत किती तफावत आहे यावर ठरते. शुद्ध सिलिकाचा डायलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ३.८ आहे आणि सिलिकॉन तेलाचा सुमारे २.७. गोल कणासाठीच्या नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले की ध्रुवीकरणाचा गुणक ०.१२ च्या आसपास येतो. त्याची कमाल किंमत १ असू शकते. कणांमधले आकर्षण या गुणकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे शक्य असलेल्या आकर्षणाच्या जेमतेम दीड टक्का. एवढ्यावर कोणताही क्लच चालणार नाही. पण सिलिकाचे द्रव चालतात, आणि कित्येकदा चांगले चालतात. ही ताकद येते कुठून?

ती कणाच्या गाभ्यातून येत नाही, पृष्ठभागावरून येते. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट असतात: सिलिकॉनला जोडलेला ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला हायड्रोजन. पूर्ण ओलावलेल्या पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला असे साधारण पाच गट असतात. ते हवेतली आर्द्रता ओढून घेतात, पाण्याचा पातळ थर धरून ठेवतात, आणि त्या थरातून आयन सरकू शकतात. क्षेत्र लावले की हे सरकणारे प्रभार कणाच्या दोन टोकांना जमतात आणि कण नुसत्या गाभ्याच्या हिशेबाहून कितीतरी अधिक ध्रुवीकृत होतो. तोच कण भट्टीत तापवून कोरडा केला की परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. गाभा तोच, तेल तेच, क्षेत्र तेच. बदलतो तो फक्त कणाचा बाहेरचा थर. एवढी स्पष्ट परीक्षा दुसऱ्या पदार्थांवर क्वचितच घेता येते, म्हणून सिलिका हा या विषयाचा उत्तम शिक्षक आहे.

या क्षेत्राचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. विद्युत क्षेत्रामुळे द्रवांचा चिकटपणा बदलतो का, याचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डफ आणि क्विंके यांनी घेतला होता; पण शुद्ध द्रवांत दिसणारे ते बदल किरकोळ होते. खरी सुरुवात अमेरिकेतल्या विलिस विन्स्लो यांच्यापासून झाली. १९४७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९४९ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तेलात कालवलेल्या कणांचे क्षेत्रात तंतू बनतात आणि त्यामुळे द्रव घट्ट होतो, हे त्यांनी दाखवले. त्यांनी वापरलेल्या पदार्थांत स्टार्च होता आणि सिलिका जेलही होते. म्हणजे सिलिका पहिल्या दिवसापासून या कथेत आहे. आजही या परिणामाला विन्स्लो परिणाम म्हणतात.

विन्स्लोंचा परिणाम घरीही पाहता येतो. खाद्यतेलात कॉर्नफ्लॉर कालवून सरबरीत मिश्रण करावे, फुगा केसांवर घासून घ्यावा आणि चमच्यातून मिश्रणाची धार सोडत फुगा तिच्याजवळ आणावा. धार फुग्याकडे वळते, जाड होते, कधी चमच्याला लोंबत राहते. कॉर्नफ्लॉरच्या कणांतही थोडे पाणी मुरलेले असते, आणि ध्रुवीकरणात त्याचाही हातभार असतो. शाळेतल्या विद्यार्थ्यालाही करता येईल असा हा प्रयोग या विषयाचे दार उघडतो.

पुढची पस्तीस-चाळीस वर्षे हा विषय पाण्याभोवतीच घोटाळत राहिला. १९६७ मध्ये क्लास आणि मार्टिनेक यांनी तेलातल्या सिलिकाच्या मिश्रणांवर पद्धतशीर मोजमापे प्रसिद्ध केली आणि परिणामाचे मूळ कणाभोवतीच्या आयनांच्या दुहेरी थरात शोधले. क्षेत्र लावल्यावर हे थर विकृत होतात, एकमेकांत घुसतात आणि कणांना एकमेकांपासून सुटू देत नाहीत, अशी त्यांची मांडणी होती. ब्रिटनमध्ये स्टँगरूम यांनी वेगळे चित्र मांडले: कणांत मुरलेले पाणी क्षेत्रामुळे बाहेर खेचले जाते आणि दोन कणांना जोडणारे पूल तयार करते. हे दोन्ही विचार एका अर्थी ‘पाण्याची शाळा’ होत. प्रयोगांशी त्यांचा बराच मेळ बसत होता. पण व्यवहारात पाणी हाच अडथळा ठरला. तापमान वाढले की पाणी उडते आणि द्रव निकामी होतो. पाणी जास्त झाले की कणांमधून विद्युतप्रवाह गळतो, द्रव तापतो, इलेक्ट्रोड गंजतात आणि अखेर ठिणगी पडते. जे पाणी परिणाम घडवत होते तेच त्याचे आयुष्य खात होते.

ही कोंडी १९८५ च्या सुमारास फुटली. ब्लॉक आणि केली यांनी अर्धवाहक पॉलिमरचे कण वापरून जवळजवळ पाण्याविना चालणारे द्रव दाखवले. १९९० मध्ये फिलिस्को आणि रॅडझिलोव्स्की यांनी झिओलाइटसारख्या ॲल्युमिनोसिलिकेटमध्ये स्फटिकाच्या आतल्या वाटांतून फिरणारे आयन हेच काम करतात, पाण्याचे पूल लागत नाहीत, असे दाखवले. यातून ‘ध्रुवीकरणाची शाळा’ पक्की झाली. तिचे म्हणणे असे: कणात किंवा त्याच्या पृष्ठभागावर प्रभार योग्य वेगाने हलले पाहिजेत, मग ते पाण्यातून हलोत वा पॉलिमरमधून. हा ‘योग्य वेग’ फार महत्त्वाचा आहे. प्रभार अगदीच मंद असतील तर द्रव हलत असताना कणांचे ध्रुवीकरण पूर्ण होत नाही. फारच चपळ असतील तर ते एका कणावरून दुसऱ्यावर उडी मारतात आणि गळती सुरू होते. चांगल्या कणाची विद्युतवाहकता ढोबळमानाने दर मीटरला १०⁻⁹ ते १०⁻⁷ सीमेन्स या पट्ट्यात असावी लागते, आणि ध्रुवीकरणाची शिथिलता (बदलत्या क्षेत्रामागे ध्रुवीकरण मागे पडू लागणे) १०० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या वारंवारतांत दिसावी लागते. सिलिकाला या पट्ट्यात आणून बसवणे म्हणजेच सिलिकात सुधारणा करणे.

याच काळात भौतिकशास्त्रज्ञांनीही सिलिका हाती घेतली, पण त्यांचा हेतू निराळा होता. त्यांना ताकद नको होती, स्पष्ट चित्र हवे होते. १९९१ मध्ये ताओ आणि सुन यांनी गणिताने भाकीत केले की क्षेत्रातले कण नुसत्या साखळ्यांवर थांबणार नाहीत. ते एका विशिष्ट चौकोनी जाळीच्या स्फटिकात बसतील. हे तपासायला एकसारख्या आकाराचे, तेलात गुठळ्या न होणारे आणि प्रकाशाला आडवे न येणारे कण हवे होते. सिलिकाचा अपवर्तनांक सुमारे १.४५ असल्यामुळे त्याच्याशी जुळणारा द्रव सापडतो आणि मिश्रण पारदर्शक होते. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत मार्टिन आणि ओडिनेक यांनी हॅल्सी यांच्यासह सेंद्रिय आवरण चढवलेल्या सिलिका गोलांवर प्रकाश टाकून रचना कशी वाढते ते मोजले. २००० मध्ये दसनायके, फ्रेडन आणि फान ब्लादेरेन यांनी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने सिलिका गोलांच्या या रचना आतून, थर थर पाहिल्या आणि भाकीत केलेली जाळी त्यात सापडली. कारखान्यासाठी दुबळा असलेला पदार्थ सिद्धान्ताच्या पडताळणीला असा कामी आला.

या सगळ्या प्रगतीच्या मागे रसायनशास्त्रातली एक साधी कृती आहे. तिची ओळख झाल्याशिवाय सुधारित सिलिकाची कल्पना येत नाही. १९६८ मध्ये श्टोबर, फिंक आणि बोन यांनी ती प्रसिद्ध केली. चंचुपात्रात एथॅनॉल, पाणी आणि अमोनिया घ्यायचे, ढवळत ठेवायचे आणि त्यात टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट ओतायचे. काही मिनिटे काहीच होत नाही. द्रव नितळ राहतो. मग त्यात निळसर झाक येते, ती दाट होत जाते आणि थोड्या वेळाने पात्रात दुधासारखा पांढरा द्रव असतो. त्यात तयार झालेले कण गोल आणि जवळजवळ एकाच मापाचे असतात. घटकांची प्रमाणे बदलून हे माप ०.०५ ते २ मायक्रॉनच्या दरम्यान हवे तिथे ठेवता येते. आता या कणांच्या सिलॅनॉल गटांशी सिलेन जातीचे रेणू जोडता येतात. सिलेनचे एक टोक सिलिकाला घट्ट धरते आणि दुसऱ्या टोकाला आपल्याला हवा तो गट असतो. अमाइन हवे तर अमाइन, तेलाशी जमवून घेणारी हायड्रोकार्बनची शेपटी हवी तर शेपटी. गाभ्याला हात न लावता पृष्ठभाग आपल्या मनाप्रमाणे घडवता येतो.

इथून सुधारणेच्या वाटा फुटतात. पहिल्या वाटेवर पाण्याची जागा न उडणाऱ्या ध्रुवीय रेणूंना दिली जाते. शेतकऱ्याच्या ओळखीचा युरिया इथे महत्त्वाचा ठरला. चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिन येथे युरियाने सुधारलेल्या सिलिकावर काम झाले आहे. दुसऱ्या वाटेवर सिलिकावर पॉलिॲनिलिनसारख्या वाहक पॉलिमरचे कवच चढवले जाते. अमोनियाने उपचार करून या पॉलिमरची वाहकता हवी तेवढी उतरवता येते. तिसरी वाट सच्छिद्र सिलिकाची आहे. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलेल्या एमसीएम-४१ मध्ये काही नॅनोमीटर रुंदीच्या एकसारख्या नळ्या असतात. या नळ्यांत वाहक पॉलिमर भरला की प्रभार हलतात पण बाहेर गळत नाहीत. दक्षिण कोरियातल्या इन्हा विद्यापीठात ह्यून्ग जिन चोई यांच्या गटाने या दिशेने पुष्कळ काम केले आहे. चौथ्या वाटेवर सिलिकाची भूमिका उलटी होते: गाभा वाहक पदार्थाचा आणि सिलिका त्याचे रोधक कवच. फार वाहक असलेल्या पदार्थाला काबूत ठेवण्याचे काम तेव्हा सिलिका करते.

या क्षेत्राला दोन मोठे धक्केही बसले, आणि त्यांच्याशिवाय नकाशा अपुरा राहील. पहिला धक्का चुंबकीय भावंडाकडून आला. १९४८ मध्ये जेकब रॅबिनोव यांनी लोहकण तेलात घालून चुंबकक्षेत्राने घट्ट होणारा द्रव केला. त्याची यील्ड स्ट्रेस सहज दहापटीने जास्त होती आणि त्याला हजारो व्होल्ट लागत नव्हते. २००२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चुंबकीय द्रवाचे शॉक ॲब्सॉर्बर बाजारात आले. ईआर द्रव त्या शर्यतीत मागे राहिले. दुसरा धक्का सुखद होता. २००३ मध्ये हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील वेन वेइजिया, शेंग पिंग आणि सहकाऱ्यांनी युरियाचा थर चढवलेले बेरियम टायटॅनिल ऑक्झलेटचे नॅनोकण वापरून १३० किलोपास्कलपर्यंत यील्ड स्ट्रेस मिळवली. तोवरच्या सिद्धान्तांनी घातलेली मर्यादा त्यातून मोडली. पुन्हा किमया कणाच्या पृष्ठभागावरच्या ध्रुवीय रेणूंची होती, आणि पुन्हा तो रेणू युरिया होता. सिलिकावर वर्षानुवर्षे जे शिकले गेले त्याचाच हा सर्वांत ठळक पुरावा आहे, असे मला वाटते.

मग आज सिलिकाकडे का वळायचे? कारण यील्ड स्ट्रेस ही एकटी कसोटी नव्हे. द्रव महिनोन्‌महिने टिकला पाहिजे, म्हणजे कण तळाशी बसता कामा नयेत. सिलिकाची घनता पाण्याच्या दुप्पट, सिलिकॉन तेलाची पाण्याहून किंचित कमी. पाण्याच्या पन्नासपट चिकट तेलात १ मायक्रॉन व्यासाचा एकटा सिलिका कण दिवसाला साधारण १ मिलिमीटर खाली उतरतो. १० मायक्रॉनचा कण त्याच तेलात दिवसाला १० सेंटिमीटर उतरेल. लोहकण तर याहून कितीतरी जड. कणाचे माप आणि पृष्ठभागावरची शेपटी या दोन्ही गोष्टी सिलिकात हातात असतात, त्यामुळे हा प्रश्न इथे सोडवता येतो. सिलिका स्वस्तही आहे. शिवाय यंत्रे लहान होत आहेत. बोटांना स्पर्शाचा भास देणारी उपकरणे, मऊ अवयवांचे रोबो, केसाएवढ्या वाहिन्यांतल्या झडपा यांत चुंबकाची जड वेटोळी मावत नाहीत. दोन पातळ इलेक्ट्रोड मावतात. फट निम्मी केली तर लागणारे व्होल्टेजही निम्म्यावर येते, आणि गळती कमी असेल तर लहानशा परिवर्तकावर काम भागते. अशा ठिकाणी शंभर किलोपास्कलची गरज नसते; गरज असते ती भरवशाची.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. वाहणाऱ्या पदार्थांच्या शास्त्राची परंपरा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत भक्कम आहे; तिथे काम केलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांचे मूळ संशोधन पॉलिमर आणि अशाच अ-न्यूटोनियन द्रवांवरचे. मात्र मराठीतून अभ्यासायला या शाखेवर सलग वाचन मिळत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी शोधनिबंधांच्या ढिगाऱ्यातून वाट काढावी लागते, आणि त्या ढिगाऱ्यात कोण कोणाशी कशावरून वाद घालत आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

या संग्रहाचा प्रयत्न तेवढाच आहे आणि तो मला मोठा वाटतो. यातले लेख कण तयार करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला, मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला आणि वापरणाऱ्या अभियंत्याला एका टेबलाशी बसवतात. पाण्याचे मत आणि ध्रुवीकरणाचे मत यांतले एक बरोबर आणि दुसरे चूक, असा निकाल इथे दिलेला नाही, कारण ओल्या सिलिकात दोन्ही यंत्रणा एकाच वेळी चालू असू शकतात. त्याऐवजी कोणता प्रयोग कोणत्या मताला बळ देतो ते दाखवले आहे. उच्च व्होल्टेजवर काम करताना घ्यायच्या काळजीला पुरेशी जागा दिली आहे. गणित लागेल तिथे ते टाळलेले नाही, पण बारावीच्या भौतिकशास्त्राची तयारी असलेल्या वाचकाला ते झेपेल अशा बेताने मांडले आहे. कण बनवण्याच्या सगळ्या कृती, बाजारातली सगळी उत्पादने आणि चुंबकीय द्रवांचे सगळे विश्व या संग्रहात सामावलेले नाही. तसा दावाही नाही.

वाचकाला एक विनंती. या विषयावरचा कोणताही निबंध, पेटंट किंवा जाहिरात हाती आली की यील्ड स्ट्रेसच्या आकड्याने भारावून जाऊ नये. त्याच्या शेजारी आणखी चार गोष्टी शोधाव्यात: क्षेत्र किती होते, त्या क्षेत्रात दर चौरस सेंटिमीटरला किती विद्युतप्रवाह गळत होता, कण किती तापमानाला आणि किती वेळ वाळवले होते, आणि किती दिवसांनी कण तळाशी बसले. यांपैकी एकही आकडा गायब असेल तर तो दावा अर्धाच समजावा. आणि तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत असाल तर हे चारही आकडे, चांगले आले असोत वा वाईट, न चुकता छापा.